रुक्नुद्दीन काशानी आणि म्हाइंभट : श्रुत वचनाच्या लेखनाचे दोन मार्ग

१

गुरूने बोलावे आणि शिष्याने ते टिपून ठेवावे, ही रीत बहुतेक सर्व धर्मपरंपरांत आढळते. तथापि टिपून ठेवलेल्या वचनांचा ग्रंथ होताना त्या वचनांचे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. प्राचीन मराठी गद्याचा अभ्यासक या प्रश्नाजवळ 'लीळाचरित्रा'च्या निमित्ताने येतो. पण तो बहुधा भाषेच्या किंवा पाठनिर्णयाच्या चर्चेत गुंतून पुढे निघून जातो. फार्सी साहित्याचा अभ्यासक याच प्रश्नाजवळ सूफींच्या 'मलफूजात' वाङ्मयाच्या निमित्ताने येतो. तोही त्यातील ऐतिहासिक माहिती वेचून पुढे जातो. हे दोन्ही अभ्यासक एकाच विद्यापीठात, किंबहुना एकाच इमारतीत बसत असले तरी त्यांची गाठ पडत नाही.

ही गाठ पडावी अशी सामग्री महाराष्ट्राच्या भूमीवरच निर्माण झाली आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी दौलताबादच्या परिसरात रुक्नुद्दीन काशानी या विद्वानाने आपले गुरू शेख बुरहानुद्दीन गरीब यांची वचने फार्सीत लिहून ठेवली. प्रस्तुत लेखात रुक्नुद्दीनचे जीवन व ग्रंथरचना यांचा परिचय करून देऊन म्हाइंभटांच्या कार्याशी त्याची तुलना करावयाची आहे. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे येथे सुचवावयाचे नाही. दोहोंत कोणताही प्रत्यक्ष संबंध नाही. तुलनेचे प्रयोजन एवढेच की, एकाच प्रकारच्या कार्याची दोन रूपे शेजारी ठेवली असता प्रत्येकाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते.

२

रुक्नुद्दीनच्या घराण्याचे मूळ इराणातील काशान या नगरात होते. 'काशानी' हे उपपद त्याचेच निदर्शक आहे. पिता इमादुद्दीन व पुत्र रुक्नुद्दीन या दोघांच्याही नावाला 'दबीर' हे अभिधान जोडलेले आढळते. दबीर म्हणजे लेखनकार्य करणारा चिटणीस. लेखन हा ज्या घराचा व्यवसाय, त्या घरातून पुढे चार महत्त्वाचे ग्रंथ निर्माण व्हावेत हे स्वाभाविक होते. सुलतान मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील उमराव, विद्वान व सूफी यांना तेथे जावे लागले. हान्सी येथे जन्मलेले व दिल्लीच्या शेख निजामुद्दीन औलियांचे शिष्य असलेले बुरहानुद्दीन गरीब या निमित्ताने दक्षिणेत आले. रुक्नुद्दीन आणि त्याचे बंधू हम्मादुद्दीन व मज्दुद्दीन हे त्यांच्या शिष्यवर्गात सामील झाले. १३३७ मध्ये बुरहानुद्दीनांचे देहावसान झाले. त्यांची समाधी खुलताबाद येथे आहे. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचे, तर समोरच्या तीरावरील झैनाबादला त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी यांचे नाव फारुकी राजवटीत देण्यात आले. यावरून या परंपरेचा प्रभाव वऱ्हाडच्या उत्तर सीमेपर्यंत कसा पोहोचला होता हे ध्यानात येते.

रुक्नुद्दीनसमोर एक आदर्श सिद्ध होता. निजामुद्दीन औलियांचे शिष्य आणि फार्सीचे श्रेष्ठ कवी अमीर हसन सिज्झी यांनी १३०८ ते १३२२ या काळात गुरूंच्या बैठकींचा वृत्तान्त 'फवाइदुल् फुआद' या ग्रंथात दिनांकवार लिहून ठेवला होता. हसन यांनी आपले टिपण गुरूंना दाखविले, गुरूंनी ते वाचून संमती दिली आणि लिहिताना सुटलेल्या जागा स्वतः भरून दिल्या, असा उल्लेख त्या ग्रंथातच आहे. म्हणजे वक्त्याने स्वतः तपासलेली श्रोत्याची लेखी साक्ष असे या ग्रंथाचे स्वरूप आहे. हसन सिज्झी हेही पुढे दौलताबादला आले आणि खुलताबाद येथेच त्यांचे दफन झाले. अशा रीतीने हा आदर्श रुक्नुद्दीनला ग्रंथरूपाने आणि परंपरेच्या रूपानेही सन्निध होता.

या प्रकारच्या लेखनामागे इस्लामी विद्येतील एक जुनी शिस्त उभी आहे. पैगंबरांचे वचन कोणी ऐकले, त्याच्याकडून कोणी ऐकले, अशी साक्षीदारांची साखळी दिल्याखेरीज हदीसला प्रामाण्य मिळत नाही. मलफूजात लिहिणारा शिष्य या साखळीतील पहिला दुवा स्वतः होतो. म्हणून तो दिवस नोंदवितो, कोण उपस्थित होते ते सांगतो आणि प्रश्न कोणत्या प्रसंगातून निघाला हेही नमूद करतो.

३

काशानी बंधूंच्या ग्रंथांचे विशेष महत्त्व असे की, एकाच गुरूच्या वचनांची मांडणी एकाच घरातील तीन लेखकांनी चार निरनिराळ्या पद्धतींनी केली. रुक्नुद्दीनचा 'नफाइसुल् अन्फास' हा ग्रंथ हिजरी ७३२ ते ७३८, म्हणजे गुरूंच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांतील बैठकींची दिनांकवार नोंद आहे. हम्मादुद्दीनचा 'अहसनुल् अक्वाल' विषयवार रचलेला आहे. त्यात शिष्याचा आचार, गुरुसेवा, उपासना अशा क्रमाने वचने लावलेली आहेत. मज्दुद्दीनच्या 'गराइबुल् करामात' या ग्रंथाचा विषय, नावाप्रमाणेच, गुरूंचे चमत्कार हा आहे. आणि रुक्नुद्दीनचाच दुसरा ग्रंथ 'शमाइलुल् अत्किया' हा गुरूंच्या निधनानंतर पूर्ण झालेला सूफी विद्येचा एक प्रचंड कोश आहे.

या चार ग्रंथांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम प्रसंग आणि दिनांक यांसह वचन येते. मग प्रसंग गळून केवळ विषय उरतो. मग वक्त्याचे बोलणे मागे पडून त्याचे अलौकिकत्व पुढे येते. अखेरीस वक्त्याचे वचन हे अनेक प्रमाणग्रंथांपैकी एक प्रमाण होऊन कोशात विराजमान होते. हे चारही टप्पे एका दशकाच्या आसपास आणि एकाच घरात घडून यावेत ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोठी उद्बोधक आहे. परंपरा स्थिरावत असता श्रुत वचनाचे रूपांतर कसे होत जाते, ते इतक्या जवळून पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

'शमाइलुल् अत्किया'चे मोल कमी लेखण्याचा येथे उद्देश नाही. रुक्नुद्दीनने त्यात आपल्या आधारग्रंथांची यादी दिली असून तीत अडीचशेहून अधिक नावे आहेत. अबू तालिब मक्कींचा 'कूतुल् कुलूब', हुजवीरींचा 'कश्फुल् महजूब', सुहरावर्दींचा 'अवारिफुल् मआरिफ' या मान्यवर ग्रंथांची विद्या त्यात एकत्र आली आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या परिसरात बसून एक विद्वान एवढ्या ग्रंथांचा आधार घेऊ शकत होता, ही वस्तुस्थिती महाराष्ट्राच्या विद्याव्यासंगाच्या इतिहासात नोंदली जाण्यास पात्र आहे. सतराव्या शतकात मीराँ याकूब याने या ग्रंथाचे दखनी गद्यात भाषांतर केले आणि दखनीच्या आरंभीच्या गद्यात त्याला मानाचे स्थान मिळाले. परंतु या कोशात बुरहानुद्दीनांचा आवाज ऐकू येतो काय, असे विचारल्यास उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल. तो आवाज 'नफाइसुल् अन्फास'मध्येच आहे. तेथे गुरू कधी प्रश्नाला कथेने उत्तर देतात, कधी आपल्या गुरूंची आठवण सांगतात. तेथील उपदेश कोणाला तरी उद्देशून केलेला आहे. कोशातील उपदेश कोणालाच उद्देशून नसतो. म्हणूनच तो सर्वांना लागू करता येतो.

४

आता रिद्धपूरकडे वळू. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहू लागले. म्हाइंभट हे शास्त्राध्ययन केलेले पंडित होते. वादाच्या इच्छेने आलेले आणि पुढे अनुयायी झालेले असे त्यांचे चित्र महानुभाव परंपरेने रेखाटले आहे. त्यांच्या या वृत्तान्ताशी झैनुद्दीन शिराझींचा वृत्तान्त ताडून पाहण्यासारखा आहे. तेही शास्त्रज्ञ म्हणून सूफींच्या संगीतसभांविषयी शंका घेऊनच बुरहानुद्दीनांकडे आले होते. दोन्ही ठिकाणी श्रुत वचनाचे महत्त्व वाटले ते ग्रंथप्रामाण्यात मुरलेल्या माणसांना, हा योगायोग केवळ वरवरचा नसावा. ज्याला ग्रंथाचे बळ ठाऊक असते त्यालाच ग्रंथाबाहेरच्या शब्दाची उणीव व थोरवी दोन्ही जाणवतात.

परंतु रुक्नुद्दीन आणि म्हाइंभट यांच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे. रुक्नुद्दीन स्वतः श्रोता होता आणि गुरू हयात असताना लिहीत होता. म्हाइंभटांनी लिहावयास घेतले तेव्हा श्रीचक्रधर प्रयाण करून गेले होते. शके १२०० च्या सुमारास त्यांनी ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून त्या जमा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. त्यामुळे 'लीळाचरित्र' हे एका श्रोत्याची रोजनिशी नसून अनेक साक्षीदारांच्या स्मरणांचे संकलन आहे. साक्षी जुळल्या नाहीत तेथे महानुभावांच्या पोथ्यांत एक मोठी प्रामाणिक पद्धत दिसते : वेगळा पाठ 'वासना' म्हणून आणि दुरुस्ती 'शोध' म्हणून बाजूला नोंदविली जाते, आणि काही पाठ कोणाच्या सांगण्यावरून आले ते त्या व्यक्तीच्या नावासह दिले जाते. मतभेद मिटवून एकच गुळगुळीत कथन तयार करण्याचा मोह येथे टाळलेला आहे. हदीसच्या परंपरेशी काही एक संबंध नसताना साक्षीदाराचे नाव जपण्याची ही दक्षता रिद्धपुरात स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, हे महानुभाव वाङ्मयाचे एक फार मोठे वैशिष्ट्य होय.

दुसरा भेद साक्षीदारांच्या स्वरूपाचा आहे. 'लीळाचरित्रा'त बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा या स्त्रिया केवळ उपस्थित नाहीत. त्या प्रश्न विचारतात, रुसतात, चुकतात, हट्ट धरतात, आणि त्यांच्या प्रश्नांमुळेच पुष्कळ निरूपणे घडतात. खानकाहमधील बैठकीत बोलणारा वर्ग बहुधा पुरुषांचा, आणि त्यातही शिक्षितांचा. त्यामुळे 'नफाइसुल् अन्फास'मधील संभाषणाला सभेचे रूप आहे, तर 'लीळाचरित्रा'तील संभाषणाला घराचे, वाटेचे आणि भिक्षेच्या ओसरीचे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भेद भाषेचा आहे. चिश्ती सूफींच्या मलफूजात ग्रंथांत मधूनमधून हिंदवी शब्द व वाक्ये आढळतात. त्यावरून हे उघड आहे की, या संतांच्या नित्याच्या बोलण्यात हिंदवीचा वापर होता. तरीही लेखकाने सर्व संभाषण फार्सीत उतरविले आहे. म्हणजे श्रुत वचन लेखणीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा त्याचे एक भाषांतर झालेले असते. फार्सी ही सुसंस्कृत, घोटलेली आणि समरकंदपासून दौलताबादपर्यंत समजणारी भाषा होती. तिच्यात लिहिल्याने वचनाला विस्तृत वाचकवर्ग मिळाला. परंतु बैठकीतील शेतकरी, शिपाई आणि विद्वान हे सर्व एकाच घाटाची भाषा बोलू लागले. म्हाइंभटांनी याच्या उलट मार्ग धरला. संस्कृतज्ञ असूनही त्यांनी लीळा ज्या भाषेत घडल्या त्याच भाषेत लिहिल्या. म्हणूनच पुढे 'गोविंदप्रभूचरित्रा'त रिद्धपूरच्या आळींतील माणसे आपापल्या तोंडच्या बोलीसह आपल्यासमोर येतात. ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य अभ्यासकांनाही त्याच्या या लोकविलक्षण सहजतेचा प्रत्यय आला.

५

मात्र महानुभाव परंपरेतही वचनाचा प्रवास प्रसंगाकडून सिद्धान्ताकडे झाला. केसोबासांनी 'लीळाचरित्रा'तील श्रीचक्रधरोक्त वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. पंथाला आचार व तत्त्वज्ञान यांचा निश्चित आधार हवा होता, आणि तो 'सूत्रपाठा'ने दिला. भाष्यकारांनी त्यावर विस्तृत टीकावाङ्मय उभारले. 'नफाइसुल् अन्फास' आणि 'शमाइलुल् अत्किया' यांचे जे नाते, तेच साधारणतः 'लीळाचरित्र' आणि 'सूत्रपाठ' यांचे आहे. रुक्नुद्दीनने दोन्ही कार्ये स्वतः केली. महानुभावांत ती दोघांनी वाटून घेतली, एवढाच फरक. मात्र 'सूत्रपाठा'तील सूत्राचा खरा अर्थ लावावयाचा तर ते कोणत्या लीळेत, कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे पाहावे लागते, ही जाणीव पंथाने सोडली नाही. सूत्राला प्रकरणाची जोड देणारे महानुभावांचे विवेचन हे या जाणिवेचे फळ आहे. वचन प्रसंगातून उचलले तरी प्रसंगाकडे परतण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली.

या ठिकाणी प्रामाण्याच्या प्रश्नाला हात घालणे अवश्य आहे. प्रा. मुहम्मद हबीब यांनी १९५० मध्ये चिश्ती परंपरेतील मलफूजात वाङ्मयाची कठोर छाननी करून, आद्य चिश्ती गुरूंच्या नावावर असलेले अनेक ग्रंथ बनावट असल्याचे प्रतिपादन केले. आपल्या गुरूंपैकी कोणीही ग्रंथ लिहिला नाही, अशा आशयाचे चिराग-ए-दिल्ली यांचे विधान 'खैरुल् मजालिस'मध्ये आहे, त्याचा आधार या प्रतिपादनास मिळाला. पुढे कार्ल अर्न्स्ट यांनी खुलताबादच्या ग्रंथांवरील आपल्या १९९२ च्या अभ्यासात या खऱ्याखोट्याच्या विभागणीची मर्यादा दाखवून दिली. ज्या ग्रंथांना आपण बनावट म्हणतो ते त्या काळच्या शिष्यवर्गात वाचले जात होते, आणि शिष्यवर्गाच्या श्रद्धेचा इतिहास सांगण्यास ते निरुपयोगी नाहीत, हा त्या विवेचनाचा रोख आहे.

'लीळाचरित्रा'बाबत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उपस्थित होतो. मूळ पोथी खिलजी सैन्याच्या धामधुमीत नष्ट झाली आणि नंतर ती स्मरणाने पुन्हा सिद्ध करण्यात आली, असे परंपरा सांगते. या पुनर्रचनेतून अनेक पाठ उत्पन्न झाले. हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे आणि १९७८ ची आवृत्ती सिद्ध करणारे वि. भि. कोलते यांच्या संपादनांत जो पाठभेदांचा प्रपंच दिसतो त्याचे मूळ येथे आहे. तेव्हा 'हे शब्द श्रीचक्रधरांचेच काय?' या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते, ज्यांनी ते शब्द ऐकले, जपले, हरवले आणि पुन्हा आठवले, त्या समुदायाचे श्रवण. रुक्नुद्दीनच्या ग्रंथालाही हेच लागू पडते. दिनांक असला, साक्षीदार असला, तरी तेथे आपण ऐकतो ते बुरहानुद्दीनांना नव्हे. बुरहानुद्दीनांना ऐकणाऱ्या रुक्नुद्दीनला ऐकतो. समीक्षेचा विषय हे श्रवण आहे. त्याची गुणवत्ता ठरते ती श्रोत्याने प्रसंग किती राखला, स्वतःला न पटणारे किंवा न समजलेले किती शिल्लक ठेवले आणि वक्त्याच्या भाषेशी किती इमान राखले यांवरून.

या तीन कसोट्यांवर पाहता असे म्हणावे लागते की, दिनांकाच्या व प्रत्यक्ष साक्षीच्या बाबतीत रुक्नुद्दीन वरचढ आहे. भाषेच्या आणि मतभेद जपण्याच्या बाबतीत म्हाइंभट निर्विवाद श्रेष्ठ ठरतात. हे श्रेष्ठत्व 'पहिले मराठी गद्य' या नित्याच्या प्रशस्तीपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. पहिलेपणा हा कालगणनेचा भाग झाला. संस्कृतचे व शास्त्राचे सर्व सामर्थ्य हाताशी असताना ऐकलेला शब्द ऐकला तसा ठेवण्याचा निर्णय हा मात्र विवेकाचा भाग आहे, आणि त्याचे मोल दुसऱ्या परंपरेशी तुलना केल्यावाचून कळत नाही.

६

अखेरीस वऱ्हाडच्या संदर्भात एक विचार मांडणे उचित होईल. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो अचलपूरच्या मार्गाने. ज्या राजकीय उलथापालथीने महानुभावांच्या पोथ्या विखुरल्या, तिनेच पुढे काशानी बंधूंना दक्षिणेत आणले. श्रीचक्रधरांनी ज्या वेरुळात काही महिने वास्तव्य केले, तेथून जवळच बुरहानुद्दीनांची समाधी आहे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरील बहमनी काळातील १४८७ चा लेख, अचलपूरची इमादशाही, बाळापूरची नक्शबंदी सूफींची परंपरा, ही सर्व वऱ्हाडच्या सांस्कृतिक इतिहासाचीच अंगे आहेत. सेतु माधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर मराठीत लिहिले आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींचे कार्य प्रकाशात आणले, ही पायाभरणी मोलाची आहे. तथापि तीत मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांना जसे स्थान मिळाले, तसे महाराष्ट्रात राहून फार्सीत लिहिणाऱ्यांना मराठी वाङ्मयविचारात मिळालेले नाही. भाषा परकी म्हणून ते मराठी विभागाचे नाहीत, आणि स्थळ परके म्हणून इराणच्या वाङ्मयेतिहासात त्यांना गौण स्थान आहे.

रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. रिद्धपूरच्या वारशाचा अभिमान हा केवळ प्राचीनत्वाचा अभिमान होऊन राहावयाचा नसेल, तर म्हाइंभटांनी घालून दिलेली साक्षीची शिस्त आपल्या अभ्यासात उतरली पाहिजे. शेजारच्या परंपरेने तेच काम कसे केले, हे पाहण्याची तयारी त्या शिस्तीचाच भाग होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याने 'लीळाचरित्रा'तील एखाद्या निरूपणाचे निरनिराळे पाठ आणि 'नफाइसुल् अन्फास'मधील एखाद्या बैठकीचा वृत्तान्त, फार्सी जाणणाऱ्या सहाध्यायाच्या साहाय्याने का होईना, शेजारी ठेवून वाचावा. दोन्हीकडे प्रथम एकच प्रश्न विचारावा : हे कोणी ऐकले? गुरू कोण होता याचे उत्तर दोन्ही परंपरांनी भक्तीने दिलेलेच आहे. ऐकणारा कोण होता, याचे उत्तर संशोधकाने द्यावयाचे आहे.